इंटिग्रेटेड ॲम्प्लिफायर निवडताना: आधी स्पीकर, मग वॅट

उच्च श्रेणीचा इंटिग्रेटेड ॲम्प्लिफायर (आवाजाचे नियंत्रण आणि स्पीकरला शक्ती देणारा भाग एकाच पेटीत असलेला) घ्यायला निघालेला माणूस बहुधा पहिल्यांदा वॅटचा आकडा विचारतो. त्याने आधी आपल्या स्पीकरचे माहितीपत्रक उघडावे. शक्ती दुप्पट केली तरी आवाज केवळ ३ डेसिबलने वाढतो आणि कानाला तो दुप्पट वाटण्यासाठी साधारण दहापट शक्ती लागते. म्हणून ५० वॅटऐवजी ८० वॅट घेतल्याने पडणारा फरक जेमतेम २ डेसिबलचा असतो. स्पीकरच्या संवेदनशीलतेतला, म्हणजे ठरावीक शक्तीवर तो किती मोठा वाजतो यातला फरक मात्र फार मोठा असू शकतो. हार्बेथच्या छोट्या पी३ईएसआरची संवेदनशीलता ८३ डेसिबलच्या आसपास आहे, तर क्लिप्शहॉर्नची १०५ डेसिबल. तेवढ्याच आवाजासाठी पहिल्याला शंभरपटीहून अधिक शक्ती लागते.

दुसरी गोष्ट ओमची, म्हणजे स्पीकर विजेला करतो त्या विरोधाची; तो जितका कमी, तितका ॲम्प्लिफायरवर ताण जास्त. ‘८ ओम’ लिहिलेला स्पीकरही खर्जात कधीकधी ४ ओमच्या आसपास उतरतो आणि तिथे ॲम्प्लिफायरच्या वीजपुरवठ्याचा कस लागतो. म्हणून ८ आणि ४ ओमचे आकडे शेजारी ठेवून वाचावेत. लक्समनचा एल-५९०एएक्स मार्क टू हा ॲम्प्लिफायर ८ ओमला ३० वॅट आणि ४ ओमला ६० वॅट देतो. आकडा लहान असला तरी हे नेमके दुप्पट होणे मला दोनशे वॅटच्या जाहिरातीपेक्षा अधिक विश्वासार्ह वाटते. तो क्लास ए पद्धतीचा, म्हणजे सतत पूर्ण वीज ओढणारा असल्याने संगीत थांबलेले असतानाही तापत राहतो, तेव्हा बंद कपाटात त्याला जागा देऊ नये. उकाड्याच्या गावात रोज चार-पाच तास ऐकणाऱ्याने कमी तापणाऱ्या क्लास एबी किंवा चांगल्या क्लास डी पद्धतीचा विचार करण्यात काहीही कमीपणा नाही.

खरी परीक्षा घरी, आपल्याच स्पीकरवर व्हावी. विक्रेत्याकडे दोन दिवसांसाठी ॲम्प्लिफायर आग्रहाने मागावा. दोन ॲम्प्लिफायरची तुलना करताना दोघांचा आवाज मीटरने समान करून घ्यावा, कारण किंचित मोठा असलेला नेहमीच सरस वाटतो. मग ओळखीचे ख्यालगायन लावावे आणि गवई थांबतो त्या जागी तानपुऱ्याची जवारी सुटी, तंतुमय ऐकू येते का, डग्ग्यावरची घसीट एका रेषेत उतरते की नुसती घुमते, हे पाहावे. रात्री उशिरा नॉब अगदी खाली आणून गायक मध्यभागी राहतो की एका बाजूला सरकतो, हेही तपासावे; नॉबमागच्या साध्या पोटेन्शिओमीटरचा (आवाज कमी-जास्त करणाऱ्या भागाचा) दोष इथेच उघडा पडतो. शेवटी संगीत बंद करून ट्वीटरला (स्पीकरमधल्या तार स्वरांच्या छोट्या भागाला) कान लावावा. तिथली सुरसुर किंवा गुणगुण बसल्या जागीही ऐकू आली, तर तो ॲम्प्लिफायर परत करावा.

आत बसवलेल्या डॅकसाठी (डिजिटल संगीताचे ॲनालॉग संकेतात रूपांतर करणाऱ्या भागासाठी) जादा पैसे मोजू नयेत असे माझे ठाम मत आहे, कारण डिजिटल भाग लवकर जुना होतो आणि तो बाहेरून सहज बदलता येतो. रेकॉर्ड ऐकणाऱ्याने मात्र फोनो विभाग (रेकॉर्ड प्लेअर जोडण्याचा भाग) मूव्हिंग मॅग्नेट प्रकारच्या कार्ट्रिजपुरताच, म्हणजे सुई बसवलेल्या त्या भागापुरताच आहे की अधिक क्षीण संकेत देणाऱ्या मूव्हिंग कॉइललाही चालतो, हे विचारावे.

परदेशातून आणवणार असाल तर मागची पाटी वाचल्याशिवाय पैसे देऊ नका: जपानमधल्या बाजारासाठी बनलेला ॲम्प्लिफायर १०० व्होल्टचा असतो आणि आपल्याकडच्या २३० व्होल्टवर थेट लावला तर तो जळतो.