गोंगाटात समोरच्याचं बोलणं कसं समजून घ्यावं

कमी ऐकू येणाऱ्याला जो तो सांगतो, "कानाच्या मशीनचा आवाज वाढवा." गोंगाटात हे करू नका. आवाज वाढवला की गलकाही तेवढाच वाढतो. वयामुळे ऐकू कमी येतं तेव्हा बहुधा आधी बारीक, उंच पट्टीचे आवाज जातात: स, श, फ. आ, ओ, ऊ हे स्वर भरदार असतात, ते ऐकू येत राहतात. म्हणून "आवाज येतो, पण शब्द कळत नाही" ही आपली तक्रार अगदी खरी असते. इंदूरच्या सराफा बाजारात एकदा भाचा म्हणाला, "मामा, साठ रुपये झाले," आणि मी आठ ऐकलं. फक्त स गळला होता.

निघण्यापूर्वी बॅटरी बघा आणि दोन्ही कानांची मशीनं घाला. एकच घालून गर्दीत जाऊ नका.

आता जागा. यात मी दोन-तीन वर्षं चुकत होतो. हॉटेलात गेलो की भिंतीला पाठ लावून बसायचो. सगळे समोर दिसतात, मागून कोणी दचकवत नाही, शिवाय लोकही हेच सुचवतात. पण गोंगाटासाठीच्या प्रोग्रॅमवर, म्हणजे मशीनच्या त्या सेटिंगवर, मशीनचे माइक समोरचा आवाज जास्त पकडतात आणि मागचा कमी करतात. मी त्यांचं तोंड थेट गर्दीकडे करून बसत होतो! म्हणजे भिंतीकडे पाठ बोलणाऱ्याची हवी, तुमची गर्दीकडे. मागे कोण आलं ते दिसत नाही, सुरुवातीला अस्वस्थ वाटतं. तरीही तसंच बसा. मशीन लावत नसाल तर निदान ज्या कानाने बरं ऐकू येतं तो बोलणाऱ्याकडे करा.

भिंत काचेची किंवा गुळगुळीत फरशीची असेल तर टाळा, गलका तिच्यावर आदळून पुन्हा तुमच्याच कानावर येतो. पडदा किंवा गादीची बैठक असलेला कोपरा मागून घ्या. मागायला संकोच करू नका.

दुसरी गोष्ट उजेडाची. तो बोलणाऱ्याच्या चेहऱ्यावर पडला पाहिजे. त्याला खिडकीकडे पाठ करून बसवलंत तर ओठ अंधारात जातात. प, ब, म ओठांवर सारखेच दिसतात, त्यामुळे नुसत्या ओठांवरून सगळं कळत नाही. पण कानाला जो फ निसटतो तो ओठांवर दिसतो, म्हणून दोन्ही हवं.

सराफ्यात दिवसा सोन्याचांदीची दुकानं आणि रात्री त्यांच्यासमोर खाण्याचे ठेले. तिथे मी भाच्याला बंद दुकानाच्या पायरीवर उभा करतो आणि स्वतः ठेल्याकडे पाठ करतो. कढईचा चर्र आवाज माझ्या मागे राहतो, ठेल्याच्या दिव्याचा उजेड माझ्या खांद्यावरून त्याच्या तोंडावर पडतो. भुट्ट्याचा कीस खाताना तो मान खाली घालून बोलतो, तेव्हा मी सरळ म्हणतो, "आधी घास गिळ, मग बोल."

अंतर कमी करा. मोकळ्या जागी अंतर निम्मं झालं की बोलण्याचा आवाज साधारण ६ डेसिबलने वाढतो, आणि गलका होता तेवढाच राहतो. दहा जणांच्या टेबलावर सगळ्यांचं ऐकायचा हट्ट सोडा, शेजारच्या दोघांशी बोला. कॉलरला लावायचा वायरलेस माइक तुमच्या मशीनला जोडता येत असेल तर जरूर घ्या. बोलणाऱ्याच्या तोंडापासून वीतभर अंतरावर लावा, टेबलाच्या मध्यभागी ठेवू नका.

"काय?" म्हणू नका. समोरचा तेच वाक्य ओरडून म्हणतो, आणि ओरडताना ओठांची ठेवण बिघडते. जेवढं ऐकलंत तेवढं त्याला परत द्या: "रविवारी कुठे जायचंय?" मग तो फक्त राहिलेला शब्द सांगतो. दोनदा नाही कळला तर दुसऱ्या शब्दांत सांगायला सांगा. आकडा असेल तर सुटा करून घ्या: साठ म्हणजे सहा, शून्य. न कळता मान मात्र कधीही डोलावू नका. मी एकदा अशीच मान डोलावून नात्यातल्या साखरपुड्याला चुकीच्या दिवशी पोचलो होतो, आणि ती जागा रिकामी बघताना फार वाईट वाटलं होतं.

तासाभराने डोकं जड होतं, कारण प्रत्येक शब्द जुळवायला मेंदूला राबावं लागतं. दहा मिनिटं शांत गल्लीत जाऊन या. पैसे, पत्ता, औषधाची वेळ हे बोलणं तर घरीच उरका, नाहीतर फोनवर लिहून घ्या.