मुलांना घेऊन गलाईच्या गावाला निघताय? आधी विम्याचं बघा

दसऱ्याला पालख्यांची शर्यत बघायला विट्यात आले, तर चार दिवसांत तीन जोडपी घरी येऊन गेली. तिघांचंही दिवाळी झाली की निघायचं ठरलंय. एक आमच्याच गल्लीत कोईमतूरला, एक सेलमला, एक केरळात त्रिशूरला. गलाईचं, म्हणजे सोनं-चांदी वितळवून शुद्ध करायचं, दुकान कुणाचं, पगार किती, खोली कुठं मिळेल, पोरांना शाळेत तमिळ जमेल का, सगळं विचारून झालं. पोरगं आजारी पडलं तर काय करायचं, हे मात्र एकीनंही विचारलं नाही. मी लग्न होऊन २००३ साली कोईमतूरच्या राजा स्ट्रीटच्या मागच्या गल्लीत आले, तेव्हा मीही विचारलं नव्हतं. म्हणून हे लिहितेय, खानापूर-आटपाडीतून आणि माण-खटावातून पहिल्यांदा पोराबाळांसह बाहेर पडणाऱ्या सगळ्यांसाठी.

२००९ च्या पावसात आमच्या थोरल्याला न्यूमोनिया झाला. चार वर्षांचा होता. रात्री छाती उडायला लागली तशी शेजारच्या तमिळ आजीनं रिक्षा बोलावली आणि जवळच्या खासगी दवाखान्यात नेलं. सहा दिवस ठेवला. बिल झालं ४१ हजार. गलाईच्या दुकानात दिवसभर सोनं हातातून जातं, पण ते सराफाचं. आपलं म्हणावं असं माझ्या गळ्यात होतं तेवढंच, ते गहाण पडलं आणि सोडवायला पावणेदोन वर्षं लागली. पोरगं बरं झालं, त्यापुढं सोन्याचं काही नाही. पण त्या सहा दिवसांत मी डॉक्टर काय सांगतायत याकडं कमी आणि पैसे कुठून आणायचे याकडं जास्त लक्ष देत होते, ते मला अजून आठवतं. आईवर ती वेळ येऊ नये.

गावी असताना आपल्याला एक आधार असतो आणि तो आहे हे जाणवतही नाही. मोठं दुखणं आलं की माणसं "मिरजेला न्या" म्हणतात. तिथं अंगीकृत, म्हणजे सरकारी योजनेत घेतलेल्या, रुग्णालयात योजनेचा मदतनीस, आरोग्यमित्र, बसलेला असतो, रेशनकार्ड आणि आधार दाखवलं की महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत काम होतं. २०१२ साली राजीव गांधी जीवनदायी नावानं सुरू झालेली ही योजना आता पांढऱ्या रेशनकार्डालाही लागू आहे आणि कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचार मिळतात. पण ही योजना महाराष्ट्र सरकारची आहे. कोईमतूरच्या काउंटरवर ते रेशनकार्ड ठेवून काही होत नाही. "एक देश एक रेशनकार्ड आलंय की" असं कुणीतरी म्हणतंच. ते धान्यासाठी आहे, दवाखान्यासाठी नाही.

देशभर चालतं ते केंद्राच्या यादीतल्या कुटुंबांचं आयुष्मान कार्ड. सप्टेंबर २०१८ मध्ये ती योजना सुरू झाली. कुटुंबाला वर्षाला ५ लाख, घरात माणसं किती आणि वयं किती याची अट नाही, आणि जुना आजारही पहिल्या दिवसापासून धरतात. आता इथंच आपली माणसं अडकतात. ही मूळ यादी २०११ च्या सामाजिक-आर्थिक जनगणनेवरून केलेली. त्यानंतर घरात आलेली सून आणि जन्मलेली मुलं त्या यादीत आपोआप येत नाहीत. सासऱ्यांचं कार्ड आहे म्हणून तुम्ही निश्चिंत राहता, आणि दवाखान्यात कळतं की पोराचं नावच नाही. तेव्हा निघायच्या आधी १४५५५ या नंबरवर फोन करा. आपलं कुटुंब केंद्राच्या यादीत आहे का, बाहेरच्या राज्यात कार्ड चालेल का आणि कुणाकुणाचं नाव आहे, हे तिन्ही विचारा. नाव नसेल तर जन्मदाखला, विवाह नोंदणीचा दाखला आणि आधार घेऊन सेवा केंद्रात जाऊन चढवून घ्या. पोराचं आधार अजून काढलं नसेल तर ते आजच काढा. विट्यात हे काम एका खेपेत होतं, कोईमतूरहून त्यासाठी परत यावं लागतं.

सासू-सासरे सत्तरीच्या पुढचे असतील आणि गावीच राहणार असतील तर त्यांचं वय वंदना कार्डही, म्हणजे म्हाताऱ्या माणसांचं आयुष्मान कार्ड, करून ठेवा. २९ ऑक्टोबर २०२४ पासून सत्तर आणि त्यावरच्या सगळ्यांना, उत्पन्न न बघता, ते मिळतं.

आभा कार्ड म्हणजे विमा नव्हे. तो तुमच्या आरोग्याच्या नोंदींचा चौदा आकडी नंबर आहे. त्यावर बिल भरलं जात नाही. मोबाइलमध्ये आभा आहे म्हणून दुसरं काही न करता आलेली दोन कुटुंबं मी बघितलीत.

नवरा मोठ्या दागिन्यांच्या कारखान्यात लागणार असेल तर पहिल्या दिवशी विचारायचं, ईएसआय, म्हणजे कामगारांचा सरकारी आरोग्य विमा, कापता का? जिथं दहा किंवा जास्त माणसं कामाला आहेत आणि पगार महिना २१ हजारांपर्यंत आहे, तिथं ते लागू होतं. पगारातून पाऊण टक्का जातो, मालक सव्वातीन टक्के भरतो, आणि बायकामुलांनाही उपचार मिळतात. कोईमतूरला सिंगानल्लूरच्या बाजूला ईएसआयचं मोठं हॉस्पिटल आहे. पण आपली बहुतेक गलाईची दुकानं म्हणजे मालक, दोन कारागीर आणि एक शिकाऊ पोरगा. तिथं ईएसआयचा प्रश्नच येत नाही. अशा घरानं स्वतःची पॉलिसी घ्यायची.

पॉलिसीबद्दल एवढी एकच गोष्ट नीट समजून घ्या. तिचं घड्याळ घेतल्या दिवसापासून चालू होतं. पहिले तीस दिवस अपघात सोडून काही मिळत नाही. हर्निया, टॉन्सिल, मोतीबिंदू असल्या ठरावीक दुखण्यांना बहुतेक पॉलिसींत दोन वर्षं थांबावं लागतं. आधीपासून असलेल्या आजाराला पूर्वी चार वर्षांपर्यंत थांबवत, आता २०२४ च्या नव्या नियमांनी ती मर्यादा तीन वर्षांवर आणलीय. म्हणजे पोरगं खेळतंय, हसतंय, तेव्हाच पॉलिसी घ्यायची. "जरा स्थिरस्थावर होऊ, मग बघू" म्हणून दोन वर्षं घालवली तर ती थांबायची वर्षं पुढं ढकलली जातात. आल्यावर पहिला पगार खोलीच्या डिपॉझिटात जातो, मान्य. दुसऱ्या पगारातून घ्या. हप्त्याहप्त्यानंही भरता येते.

आणखी एक गोष्ट बरी झालीय. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आणि कुटुंबाच्या आरोग्य विम्यावरचा १८ टक्के जीएसटी काढून टाकलाय. वर्षाचा हप्ता २० हजार असेल तर ३,६०० रुपये वाचतात. एजंट जुन्याच हिशेबानं कर लावून सांगत असेल तर पावती मागा.

कुठली घ्यायची, असं मला सगळ्या विचारतात. मी कंपनीचं नाव सांगत नाही. ज्यांना काहीच कळत नाही त्यांनी निदान 'आरोग्य संजीवनी' काय आहे ते आधी बघावं, कारण १ एप्रिल २०२० पासून सगळ्या कंपन्यांना तीच एक ठरवून दिलेली पॉलिसी विकावी लागते. अटी सगळीकडं सारख्या, फरक फक्त हप्त्यात आणि सेवेत. नवराबायको आणि मुलं एकाच पॉलिसीत बसतात, मूल तीन महिन्यांचं झाल्यापासून पंचवीस वर्षांपर्यंत. दोन गोष्टी मात्र ध्यानात ठेवा. बिलाचे ५ टक्के आपल्याला भरावे लागतात, ८० हजारांचं बिल झालं तर ४ हजार आपले. आणि खोलीचं भाडं विम्याच्या रकमेच्या २ टक्के, तेही दिवसाला जास्तीत जास्त ५ हजार. २ लाखांची पॉलिसी असेल तर ४ हजारांची खोली. पाहुणे येणार, बसायला जागा हवी म्हणून ८ हजारांची खोली घेतली, तर नुसता खोलीचा फरक भरून भागत नाही. डॉक्टरांची फी, नर्सिंग यांतही त्याच प्रमाणात कापतात. दाखल होतानाच म्हणायचं, "आमच्या पॉलिसीत बसेल तीच खोली द्या."

बाळंतपण या पॉलिसीत नाही. आपल्याकडं पहिलं बाळंतपण माहेरीच होतं आणि ते चांगलंच आहे. पण बाळ तीन महिन्यांचं झालं की त्याचं नाव पॉलिसीत घालायला विसरू नका. बाळंतीण गावाहून परत येते, बाप दुकानात, आणि ते एक काम राहून जातं. तोवर सरकारी दवाखाना आहे. वर्षाच्या आतल्या आजारी बाळावर तिथं मोफत उपचार होतात, मग तुम्ही कुठल्याही राज्याचे असा. लसीही फुकट मिळतात. गावच्या अंगणवाडीतून मिळालेलं माता-बाल कार्ड तेवढं बरोबर आणा. नर्सबाईला मराठी येत नाही, पण त्यावरच्या तारखा तिला वाचता येतात.

आता फॉर्मचं. हे मला मनापासून सांगायचंय, कारण यात आमचं घर भाजलंय. २०१६ मध्ये आम्ही पहिली पॉलिसी काढली. एजंट ओळखीचा होता, त्यानं फॉर्म स्वतःच भरला, यांनी नुसती सही केली. यांना दम्याचा त्रास तीन वर्षांपासून होता, विट्याच्या डॉक्टरांचा पंप चालू होता. एजंटानं सगळ्या रकान्यांत 'नाही' लिहिलं. २०१८ मध्ये दवाखान्यात ठेवावं लागलं. डॉक्टरांनी कागदावर जुना दमा लिहिला, आणि कंपनीनं माहिती लपवली म्हणून एक रुपयाही दिला नाही. खरं लिहिलं असतं तर थोडा जास्त हप्ता आणि थांबायची वर्षं, एवढंच झालं असतं. तेव्हा फॉर्म स्वतः वाचा. समजत नसेल तर दहावी झालेल्या पोरीला वाचायला लावा. पोराला फिट येऊन गेली असेल, हृदयात छिद्र आहे असं शाळेच्या तपासणीत सांगितलं असेल, तर तसंच लिहा. आता पाच वर्षं पॉलिसी अखंड चालली की, उघड फसवणूक सोडली तर, माहिती लपवली म्हणून कंपनीला हात वर करता येत नाहीत. आधी ही मुदत आठ वर्षांची होती. पॉलिसी हातात आल्यावर तीस दिवसांत वाचून पटली नाही तर परतही करता येते.

व्यवसायाच्या रकान्यात 'सोने-चांदी गलाई' असंच लिहा. तेजाबात चांदी घातल्यावर जो तांबूस धूर निघतो तो फुप्फुसाला लागतो, आणि दुकानाच्या माळ्यावर संसार मांडला तर तो पोरांनाही लागतो. भाडं वाचतं म्हणून पहिली काही वर्षं आम्हीही माळ्यावर राहिलो. थोरल्याचा न्यूमोनिया त्यानंच झाला असं डॉक्टर म्हणाले नाहीत, पण मी तेव्हाच खोली बदलली. तुम्ही पहिल्यापासून दोन गल्ल्या लांब राहा.

दवाखान्यात जायची वेळ आली तर आधी विम्याच्या टेबलाकडं जाऊन कार्ड दाखवा. २०२४ च्या नियमाप्रमाणं कॅशलेसची, म्हणजे बिल परस्पर कंपनीनं भरायची, मंजुरी कंपनीनं तासाभरात द्यायची असते, आणि सोडताना शेवटच्या बिलाची तीन तासांत. उशीर झाल्यामुळं दवाखान्यानं जादा पैसे लावले तर ते कंपनीनं भरायचे. हे माहीत असलेलं माणूस टेबलासमोर शांतपणे बसू शकतं. नकार दिला तर लेखी मागा, कारणासह. मग कंपनीकडं तक्रार, तिथं दाद नाही लागली तर विम्याच्या तक्रारींचा निवाडा करणारा विमा लोकपाल. तमिळनाडूसाठी त्यांचं कार्यालय चेन्नईला आहे, पैसे लागत नाहीत, वकील लागत नाही. १५५२५५ वर फोन केला तर पुढचं सांगतात. आम्हाला २०१८ मध्ये यातलं काहीच माहीत नव्हतं.

मिरजेहून राणी चन्नम्मानं बंगळूरला उतरून पुढची गाडी धराल, तेव्हा रात्रभर वेळ असतो. हे तीन शब्द पाठ करा. 'काय्च्चल' म्हणजे ताप. 'मूच्चु तिणरल' म्हणजे धाप लागणं, श्वास अडकणं. 'काप्पीडु' म्हणजे विमा. पोराला कडेवर घेऊन दारात उभं राहिल्यावर एवढे शब्द आले तरी पुढचं ती माणसं हातवारे करून समजून घेतात. आमच्या शेजारची ती आजी अजून आहे, नव्वदीला टेकलीय. कोईमतूरला उतरलात की आधी तिच्याकडं नेते तुम्हाला.