वालुकाश्मातले सागरी जीवाश्म : नाशिककरांनो, या चुका टाळा

समुद्री जीवाश्म शोधायला पांडवलेण्याचा डोंगर चढणे ही पहिली चूक. तो डोंगर, किंबहुना जिल्ह्यातला बहुतेक कातळ, थिजलेल्या लाव्ह्याचा बेसाल्ट आहे. त्याच्या पोकळ्यांत भरलेले झिओलाइट हे पांढरे खनिज शिंपल्यासारखे वाटते आणि फटीतली काळी नक्षी नेच्याच्या पानासारखी. ती मँगनीज ऑक्साइडची असते. सिन्नरच्या गारगोटी या खनिजांच्या संग्रहालयात एक चक्कर मारा, निम्मा घोळ तिथेच मिटेल.

उथळ समुद्राचा थर बघायचा तर आग्रा रोड धरून धुळ्यामार्गे नर्मदेपलीकडे, धार जिल्ह्यातल्या बाघ परिसरात जावे लागते. तिथला निमाड वालुकाश्म क्रिटेशस काळातला (डायनासोरांच्या युगाचा शेवटचा टप्पा), म्हणजे आपल्या बेसाल्टच्या आधीचा. बाघची लेणीही वालुकाश्मातच कोरलेली आहेत. पण वालुकाश्म दिसला की समुद्र, असे धरू नका. या थराचा खालचा भाग मुख्यतः नद्यांनी आणलेल्या वाळूचा आहे. कालवांचे शिंपले आणि शार्कचे दात वरच्या भागात, चुनखडीच्या खाली, पाहावेत. शिंपले नसतील तर दगडावरच्या लाटांच्या खुणा बघा. दोन्ही बाजूंचा उतार सारखा असेल तर पाणी मागे-पुढे हलत होते. एकच बाजू उभी असेल तर ते एका दिशेने वाहत होते. संरक्षित जीवाश्म उद्यानातला खडाही उचलायचा नाही. बाहेरही जमीनमालकाची किंवा वनखात्याची परवानगी आधी घ्या.

छिन्नी जीवाश्माला टेकवून मारली की तो मधोमध फुटतो. किमान 6-8 सेंमी लांबून, चारी बाजूंनी थोडे थोडे सोडवा; गॉगल हवाच. सच्छिद्र वालुकाश्मात झिरपणाऱ्या पाण्याने मूळ कवच बरेचदा विरघळून गेलेले असते आणि फक्त साचा उरतो. नेमका तोच अर्धा ‘रिकामा’ म्हणून फेकला जातो! दोन्ही अर्धे ठेवा, 12अ आणि 12ब असे क्रमांक द्या. दगड हलवण्याआधी त्यावर वरची दिशा बाणाने दाखवा. ठिकाण आणि थर कागदावर पेन्सिलीने लिहून चिठ्ठी पिशवीच्या आत टाका. पिशवीवरचा मार्कर घासून जातो, आणि थर माहीत नसलेला शिंपला अभ्यासाच्या फारसा कामाचा राहत नाही.

घरी आणल्यावर सर्वाधिक नुकसान बाथरूमच्या ॲसिडने होते. वाळूचे कण धरून ठेवणारे सिमेंट चुन्याचे असेल तर ते फसफसते, पण शिंपलाही चुन्याचाच. दोन्ही एकदम जातात. मऊ कोरडा ब्रश आणि बांबूची काडी पुरते. पाण्याचा एक थेंब कोपऱ्यात टाकून बघा. दगड चिखलासारखा सुटला तर धुणे विसरा.

भुसभुशीत तुकड्यावर फेविक्विक ओतू नका, ते पुन्हा काढणे महाकठीण. 100 मिली ॲसिटोनमध्ये 5 ग्रॅम पॅरालॉइड बी-72 (ॲसिटोनने पुन्हा काढता येणारी ॲक्रिलिक राळ) विरघळवून ब्रशने थेंब थेंब मुरवा. खिडकी उघडी, गॅस बंद. वर पांढुरका थर आला तर दगड ओला होता किंवा हवा दमट. थोड्या ॲसिटोनने पुसा, तुकडा पूर्ण सुकू द्या आणि मग पुन्हा लावा. नाशिकच्या जुलै-ऑगस्टमध्ये हे काम काढूच नका. दिवाळीनंतरची कोरडी हवा बरी.