फ्लेअर्ड सेरिफची पाटी करताना या चुका टाळा

जाड फ्लेअर्ड सेरिफ फॉण्ट नागपुरात इतवारीतल्या सराफाला आवडतो, तसा धरमपेठेतल्या कॅफेवाल्यालाही. यात अक्षराचा खांब टोकाकडे हळूहळू रुंदावतो, साध्या सेरिफसारखी वेगळी पट्टी लावलेली नसते. टाइप डिझायनर बर्टहोल्ड वोल्पे यांचा १९३०च्या दशकातला आल्बर्टस हा असाच फॉण्ट धातूच्या पाट्यांवरच्या अक्षरांतून आला, आणि लंडनच्या सिटी भागातल्या रस्त्यांची नावं त्यातच असतात. म्हणजे जात पाटीचीच. तरी आपल्याकडे पाटीवरच त्याचं वाटोळं होतं.

पहिलं कारण: ‘अजून जाड करून द्या ना भाऊ.’ मग आधीच बोल्ड असलेल्या अक्षरावर पुन्हा बोल्डचं बटण दाबलं जातं. सॉफ्टवेअर चहूबाजूंनी सारखीच चरबी चढवतं. टोकाचा फुगारा हरवतो, आतली पोकळी बुजते. वजन हवं तर त्याच फॉण्टच्या कुटुंबातला ब्लॅक, म्हणजे बोल्डहून जाड प्रकार घ्या, नसेल तर साइझ वाढवा. दुहेरी आउटलाइन आणि सावली तर नकोच. पत्ता-मोबाइल नंबरही याच फॉण्टात नको. तिथे मुक्तासारखा साधा फॉण्ट पुरे.

मराठी ओळीचं दुखणं मोठं. महाराष्ट्राच्या दुकाने-आस्थापना कायद्यातल्या २०२२च्या दुरुस्तीनंतर दुकानाच्या पाटीवरचं मराठी नाव इतर लिपीपेक्षा लहान चालत नाही. जाड इंग्रजीखाली विंडोजमधला मंगल फॉण्ट बारीक टाकून वेळ मारून नेली, तर ते नाव उसनं आणल्यासारखं दिसतं. रोझा वन हा देवनागरी फॉण्ट फ्लेअर्ड नाही, पण जाड इंग्रजीपुढे वजनाला टिकतो. दोन्ही ओळींना सारखा पॉइंट साइझ देऊन भागत नाही. उंची प्रत्यक्ष मोजा. अक्षरांमधलं अंतर वाढवू नका, शिरोरेषा तुटते. आणि फॉण्ट पक्का करण्याआधी ‘वऱ्हाडी ॲण्ड सन्स’ टाइप करून बघा. जिथे चौकोन उमटला किंवा ऱ्हचं भलतंच काही झालं, तो फॉण्ट बाद. ल आणि श मराठी वळणाचे येतात का, तेही तेव्हाच बघा. नाही आले तर मजकुराची भाषा मराठी करून पाहा. काही फॉण्टांत एवढ्यानं काम होतं.

सगळ्यात महाग चूक कटिंगची. देवनागरी अक्षरं शिरोरेषेवर एकमेकांवर थोडी चढलेली असतात. स्क्रीनवर ते कळत नाही. कोरलड्रॉमध्ये कर्व्ह करून (अक्षरांच्या बाह्यरेषा करून) कम्बाइन केलं, की प्रत्येक सांध्यावर पांढरी फट पडते. नुसतं कर्व्ह करून प्लॉटरला, म्हणजे विनाइल कापणाऱ्या यंत्राला दिलं, तर पातं प्रत्येक अक्षराची कड वेगळी कापतं आणि शिरोरेषेचे तुकडे होऊन विनाइल हातात येतं. कर्व्हनंतर वेल्ड करा, म्हणजे चढलेली अक्षरं एकाच आकारात जुळतील, आणि वायरफ्रेममध्ये (नुसत्या रेषा दाखवणाऱ्या दृश्यात) शिरोरेषा सलग दिसते का बघा. अ‍ॅक्रिलिकचं काम असेल तर फुगाऱ्याचे टोकदार कोपरे किंचित गोल करून घ्या, बसवताना तेच आधी उडतात. शेवटी एक अक्षर खऱ्या मापात कागदावर काढा, समोरच्या फुटपाथवरून बघा आणि मगच फाइल पाठवा.