आईबाबांची मेमरी कमी होतेय का? नजरेवरून कसं बघायचं

सत्तरीच्या पुढचं कोणी घरात असेल तर हे करून बघा, पण याने डायग्नोसिस होत नाही, डॉक्टरकडे जायचं की नाही एवढंच ठरवता येतं.

आधी डोळे तपासून घ्या. मोतीबिंदू असेल, नजर कमी असेल, तर पुढचं सगळं चुकीचं वाचलं जाईल.

मग सकाळी, चहा-नाश्ता झाल्यावर, समोरासमोर बसा, दोन्ही हातांची बोटं त्यांच्या नजरेच्या दोन बाजूंना धरा आणि सांगा, माझ्या नाकाकडे बघत राहा, जे बोट हलेल त्याच्या उलट बाजूला बघायचं. चार-पाच वेळा प्रॅक्टिस, मग 20 वेळा, बाजू कशाही बदलत. चुका तरुणांच्यापण होतात, कारण हलत्या वस्तूकडे नजर आपोआप जाते आणि ती अडवायचं काम मेंदूच्या पुढच्या भागाला करावं लागतं. खरं बघायचं ते हे की चुकल्यावर स्वतःहून नजर वळवतात का. अल्झायमरमध्ये चुका वाढतातच, पण चूक तशीच राहून जाणं जास्त दिसतं. पार्किन्सनमध्येही चुका वाढू शकतात, झोप झाली नसेल तरी फरक पडतो, म्हणून आठवड्याने परत करा.

माझी आई पहिल्यांदा चिडली, "मला वेड लागलंय असं वाटतं का तुला?" मग मी आधी तिला बोटं धरायला दिली, माझ्या चुका तिने मोजल्या, तेव्हा कुठे ती बसली. परीक्षा हा शब्द काढूच नका.

डोळ्यातल्या बाहुलीवरून, म्हणजे मधल्या काळ्या गोलावरून बघायचं मात्र घरी जमत नाही. डोकं चालवलं की बाहुली मोठी होते, पण जेमतेम अर्धा मिलिमीटर, त्याला इन्फ्रारेड कॅमेरा लागतो, मोबाईलचा टॉर्च मारून काही कळणार नाही. 2019 मध्ये कॅलिफोर्नियातल्या संशोधकांना असं दिसलं की मेमरी ठीक असूनही ज्यांना अल्झायमरचा जेनेटिक धोका जास्त, त्यांची बाहुली आकडे लक्षात ठेवताना जास्त मोठी होते, म्हणजे तेवढ्याच कामाला मेंदूला जास्त जोर लावावा लागत होता.

दोन्ही वेळा चुका तशाच राहिल्या तर न्यूरॉलॉजिस्टकडे जा, आणि रोजच्या गोष्टी तारखेसकट लिहून न्या, म्हणजे लक्ष्मी रोडवरचं नेहमीचं दुकान सापडेना, स्वारगेटला उतरून कुठली बस घ्यायची ते आठवेना, असं. चालू गोळ्या आणि ड्रॉप्सची यादीपण न्या. बी-ट्वेल्व्ह आणि थायरॉइडची ब्लड टेस्ट नक्की मागा, त्यातल्या कमतरतेनेही विसरायला होतं आणि ते औषधाने सुधारू शकतं.