'पिक अप' वापरायचं कसं

कोल्हापूरच्या राजारामपुरीत मी इंग्रजी संभाषणाचा वर्ग घेते. तिथं येणाऱ्याला मी पहिल्याच आठवड्यात 'पिक अप' शिकवते, कारण हा शब्द आधीच प्रत्येकाच्या तोंडात असतो. मार्केट यार्डात गुळाचे रवे भरायला पिकअप उभी असते. गाडीला पिकअप राहिला नाही म्हणून मेकॅनिककडे फेरी होते. रात्रीच्या ट्रॅव्हल्सनं मुंबईहून येणारा भाऊ 'कावळा नाक्यावर पिकअपला ये' म्हणून फोन करतो. ओळखीच्या शब्दापासून सुरुवात केली की इंग्रजीची भीती निम्मी होते, आणि ती भीती जावी ही माझी खरी तळमळ आहे.

शब्दकोश उघडून अर्थांची यादी पाठ करू नका. डझनभर अर्थ दिसतील आणि बोलायच्या वेळी एकही आठवणार नाही. त्यापेक्षा 'पिक अप'च्या जोडीला काय आलंय ते बघा. फोन आला तर उचलणं. माणूस आला तर त्याला गाडीवर किंवा गाडीत घेणं. दूध, औषध, पार्सल आलं तर जाता-येता घेऊन येणं: 'पिक अप सम मिल्क ऑन द वे होम.' बिल आलं तर पैसे आपण भरणं. मिसळ खाऊन झाल्यावर 'आय विल पिक अप द बिल' म्हटलं की मित्र खूश. सिग्नल आला तर रेंज पकडणं.

भाषा किंवा सवय आली तर अर्थ जरा खोल जातो. निपाणी-बेळगावच्या गिऱ्हाइकांशी बोलून बोलून आपल्याकडच्या कितीतरी दुकानदारांना कन्नड येतं. त्यांनी शिकवणी लावलेली नसते, कानावर पडून ते आपसूक आलेलं असतं. त्यालाच 'ही पिक्ड अप कन्नड ॲट द शॉप' म्हणायचं. वर्ग लावून, व्याकरण घोकून शिकलात तर 'लर्न' म्हणा. आजाराचंही तसंच आहे. सर्दी, खोकला, पोटाचा संसर्ग असं कुठून तरी लागलेलं दुखणं 'पिक अप' होतं: 'आय पिक्ड अप अ कोल्ड ऑन द बस.' मधुमेहाला हे चालत नाही, कारण तो कुणाकडून लागत नाही.

जोडीला काहीच नसेल तर बहुतेक वेळा वाढणं किंवा सुधारणं असा अर्थ निघतो. नवरात्रात अंबाबाईच्या दर्शनाला गर्दी लोटते आणि महाद्वार रोडवरची दुकानं भरतात: 'बिझनेस पिक्स अप ड्युरिंग नवरात्र.' पन्हाळ्यावर संध्याकाळी वारा सुटला की 'द विंड हॅज पिक्ड अप.' फोनचा विषय चालू असेल तर मात्र 'ही इजन्ट पिकिंग अप' म्हणजे तो फोन घेत नाही, एवढंच.

आता सगळ्यात महत्त्वाचं. उजळाईवाडी विमानतळावरून पर्यटकांना आणणारा एक चालक माझ्याकडे येतो. त्याचं इंग्रजी धीट आहे आणि ते मला फार आवडतं. पण तो पाहुण्याला फोनवर सांगायचा, 'आय विल पिक अप यू.' पाहुण्याला कळायचं, तरी कानाला खटकायचं. नियम असा की इंग्रजीतलं 'मी' (me), यू, हिम, हर, इट, देम यांतलं काही आलं तर ते मधोमधच बसतं: 'आय विल पिक यू अप', 'पिक इट अप', 'पिक देम अप'. नाव घेतलंत तर दोन्ही चालतं. 'पिक अप द बॅग' म्हणा की 'पिक द बॅग अप'. आम्ही वर्गात उभं राहून, खरी बॅग उचलत हे म्हणतो. हात आणि जीभ एकदम चालली की नियम आठवावा लागत नाही. त्या चालकाच्या तोंडी आता 'आय विल पिक यू अप ॲट द गेट' इतकं सहज येतं की मला ऐकून समाधान वाटतं.

आपल्या 'उचलणे'शी याचं बरंच जुळतं. फोन उचलला, पोलिसांनी उचललं, ऐकून गाण्याची चाल उचलली, या सगळ्याला 'पिक अप' चालतं. पण पुढं वाटा फुटतात. पाऊल उचलणं म्हणजे 'टेक अ स्टेप'. मुद्दा उचलणं म्हणजे 'रेज'. आणि उसाची पहिली उचल, म्हणजे कारखान्याकडून मिळणारा उसाच्या पैशांचा पहिला हप्ता, ती 'फर्स्ट इन्स्टॉलमेंट'. ऊस परिषदेची बातमी इंग्रजीत सांगताना तिथं 'पिक अप' घातलंत तर ऐकणाऱ्याला ट्रॉली भरायची आहे असं वाटेल. भांडण उकरून काढण्यातही 'अप' नको, नुसतं 'पिक अ फाइट'. एखाद्याच्या सारखं मागे लागून त्याला छळणं म्हणजे 'पिक ऑन', आणि चप्पल लाईनीत पन्नास जोडांतून एक निवडणं म्हणजे 'पिक आउट'.

उच्चारात एक बारकावा आहे. गाडीचं नाव घेताना जोर 'पिक'वर येतो. क्रिया सांगताना 'अप'वर: 'पिक इट अप'. मोठ्यानं म्हणून बघा, फरक लगेच जाणवेल.

मुलींना आणि मुलांना दोघांनाही मी एक गोष्ट स्पष्ट सांगते. पार्टीत किंवा बारमध्ये अनोळखी व्यक्तीला 'पिक अप' करणं याचा परदेशात शारीरिक सलगीच्या हेतूनं ओळख वाढवणं असा अर्थ होतो. स्टँडवरून पाहुण्याला आणायचं असेल तर जागा आणि वेळ जोडून बोला, म्हणजे शंकेला जागा उरत नाही.

सरावासाठी आज रात्री स्वतःच्या दिवसातली पाच वाक्यं लिहा: कुणाला आणलं, काय घेऊन आलात, कुणी फोन घेतला नाही, धंदा किंवा अभ्यास कसा सुधारला, कानावर पडून काय आलं. निदान दोन वाक्यांत 'इट' किंवा 'देम' मधोमध आलं पाहिजे. उद्या तीच वाक्यं वहीत न बघता घरच्या कुणाला तरी म्हणून दाखवा, आणि जिथं अडखळाल तेवढंच वाक्य परत लिहा.