पळायचे बूट घेताना या चुका टाळा, निदान नखं तरी वाचतील

आमच्या रविवारच्या ग्रुपमध्ये नवीन कुणी आलं की मी चेहऱ्याआधी पाय बघतो. सवयच लागलीय. निम्म्याहून जास्त जण चुकीचे बूट घालून आलेले असतात. तसं सांगितलं की ठरलेलं उत्तर येतं: "पण रिव्ह्यू चांगले होते." रिव्ह्यू लिहिणाऱ्याचे पाय वेगळे, तुमचे वेगळे, ही साधी गोष्ट पटवता पटवता माझी सकाळ जाते. म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतोय. यापुढे कुणी विचारलं की हेच पाठवीन.

"माझा नंबर आठ"

सगळ्यात जुनी आणि सगळ्यात दुखरी चूक. रोजच्या बुटाचा जो नंबर, तोच पळायच्या बुटाचा. मी स्वतः ती केलीय, म्हणून हक्काने बोलतो.

पहिल्या हाफ मॅरेथॉनसाठी (एकवीस किलोमीटर) मी ऑफिसच्या बुटांच्याच नंबराचे बूट घेतले. दुकानात खुर्चीवर बसून पाय घातला, लेस बांधली, अगदी मापात बसला. दोन मिनिटांत पैसे देऊन बाहेर. सरावात दहा किलोमीटरच्या वर कधी गेलोच नव्हतो (ती वेगळीच चूक, तिच्यावर पुन्हा कधीतरी), त्यामुळे काही जाणवलं नाही. शर्यतीच्या दिवशी चौदाव्या किलोमीटरनंतर लांबलचक उतार लागला आणि दोन्ही अंगठे पावलागणिक बुटाच्या टोकावर आपटायला लागले. आधी नुसतं बोचत होतं. मग ठणकायला लागलं. शेवटचे तीन किलोमीटर मी बोटं आत आखडून पळालो, म्हणजे पळालो असं म्हणायचं. घरी येऊन मोजे काढले तर दोन्ही अंगठ्यांची नखं जांभळी. दोन दिवसांत काळी झाली. तीन आठवड्यांनी डावं नख मोज्याबरोबरच निघून आलं, उजवं त्यानंतर. पुन्हा नीट नख यायला वर्ष उलटलं.

कारण सरळ आहे. पळताना पाऊल पसरतं, उन्हाने आणि श्रमाने सुजतं आणि उतारावर बुटात पुढे सरकतं. बसल्या बसल्या मापात वाटलेला बूट तासाभराने तोकडा पडतो. म्हणून सगळ्यात लांब बोटाच्या पुढे हाताच्या अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा हवी, साधारण एक सेंटिमीटर किंवा किंचित जास्त. सगळ्यात लांब बोट म्हणतोय, अंगठा नव्हे. पुष्कळांचं दुसरं बोट अंगठ्यापेक्षा लांब असतं आणि त्यांना ते बूट निवडताना आठवतच नाही.

मी काय करतो ते सांगतो. बूट बघायला संध्याकाळी जातो, कारण दिवसभरात पाय थोडे फुगलेले असतात. पळताना जे मोजे घालतो तेच घालून जातो. बुटातला इनसोल, म्हणजे आतली सुटी गादी, बाहेर काढून जमिनीवर ठेवतो आणि त्यावर उभा राहतो. टाच मागे बरोबर टेकली की बोटांपुढे किती जागा उरते आणि करंगळी बाहेर सांडते का, हे डोळ्यांना दिसतं. दोन्ही पायांचं बघतो. बहुतेकांचा एक पाय दुसऱ्यापेक्षा थोडा मोठा असतो, माप त्याचं घ्यायचं. मग बूट घालून दुकानातच थोडं पळतो. लोक बघतात. बघू देत.

आणि नंबराच्या आकड्यावर भरवसा ठेवू नका. यूके आणि यूएस हे दोन वेगळे हिशेब आहेत. बहुतेक कंपन्यांमध्ये पुरुषांचा यूके ८ म्हणजे यूएस ९, पण आदिदासमध्ये तोच यूएस साडेआठ होतो. अर्धा नंबर म्हणजे जेमतेम चार मिलिमीटर, पण नख जायला तेवढे पुरतात. बुटाच्या जिभेच्या आत लेबल असतं, त्यावर सेंटिमीटर छापलेले असतात. निदान एकाच कंपनीची दोन मॉडेल्स ताडून बघताना तो आकडा कामाला येतो.

याच चुकीची धाकटी बहीण म्हणजे रुंदी. बूट करंगळीला चावतोय म्हणून लोक एक नंबर मोठा घेतात. मग चवड्याला जागा होते, पण टाच आत खाली-वर होत राहते आणि फोड तिथे येतात. पाय रुंद असेल तर बूट रुंद घ्यावा, लांब नव्हे. पुरुषांच्या बुटांत डी ही नेहमीची रुंदी, २ई त्याहून रुंद आणि ४ई आणखी. बायकांच्या बुटांत बी नेहमीची आणि डी रुंद. दुकानदार आपणहून सांगेल याची वाट बघू नका, विचारा.

विजेत्याचे बूट

दुसरी माझी लाडकी चूक. एक तरुण मुलगा आमच्याकडे आला, पळायला लागून पुरते तीन आठवडेही झाले नव्हते. पायात कार्बन प्लेटवाले, म्हणजे सोलमध्ये कार्बनची ताठ पट्टी असलेले, जाडजूड फोमचे, रंग असा की लांबून गाडीचे दिवे वाटावेत. म्हणाला, "किपचोगेने हेच घातले होते ना?" हेच नव्हे, पण जातकुळी तीच. केनियाचा मॅरेथॉनपटू एलियुड किपचोगे ऑक्टोबर २०१९ मध्ये व्हिएन्नात १ तास ५९ मिनिटं ४० सेकंदांत मॅरेथॉनचं अंतर पळाला तेव्हा त्याच्या पायात असाच प्लेटवाला बूट होता. या बुटांचा बोलबाला एवढा झाला की पुढच्या वर्षी जागतिक अ‍ॅथलेटिक्स संघटनेने रस्त्यावरच्या शर्यतींसाठी सोलची जाडी ४० मिलिमीटरपर्यंत आणि प्लेट एकच, असा नियम घातला. म्हणजे बुटात दम आहे, यात वाद नाही.

पण तो दम वेगाने पळणाऱ्याला मिळतो. हा मुलगा सात-साडेसात मिनिटांना एक किलोमीटर या गतीने पळत होता, अधेमधे चालतही होता. उंच, मऊ फोमवर वळणावर त्याचा घोटा दर वेळी बाहेर कलंडायचा, ते मागून स्पष्ट दिसत होतं. प्लेट ताठ असते, ती पावलाला नेहमीसारखं वाकू देत नाही, त्यामुळे भार नव्या जागी जातो. ज्या पायांना अजून साध्या पळण्याचीच सवय नाही, त्यांना हे कशाला? मी सांगितलं, नेहमीचे साधे, मध्यम कुशनचे बूट घे, हे वर्षभर ठेवून दे. त्याला वाटलं, म्हाताऱ्याला जळतंय. पाचव्या रविवारी तो पोटरी धरून कडेला बसला होता. आता साध्या बुटांत पळतो, चांगला पळतो. ते रंगीत बूट, म्हणे, लग्नाला घालतो.

या आजाराचा दुसरा टोकाचा प्रकार म्हणजे अनवाणीवाले. सोल पातळ हवा, टाच आणि चवडा एका पातळीत हवा, माणूस निसर्गतः अनवाणीच पळतो, वगैरे. दाखला ठरलेला: इथिओपियाचा अबेबे बिकिला १९६० साली रोममध्ये अनवाणी पळून ऑलिंपिक मॅरेथॉन जिंकला. जिंकला, खरंय. पण तोच बिकिला १९६४ मध्ये टोकियोला बूट घालून पळाला आणि तीन मिनिटं आधी पोहोचला, हा दाखल्याचा उरलेला अर्धा भाग कुणी सांगत नाही. नेहमीच्या बुटात टाच चवड्यापेक्षा आठ ते बारा मिलिमीटर वर असते, यालाच ड्रॉप म्हणतात. जन्मभर असे बूट घातलेल्या माणसाने एका दिवसात शून्य ड्रॉपवर उडी मारली की सगळा ताण पोटरीवर आणि टाचेमागच्या शिरेवर येतो. जायचंच असेल तर महिनोन्महिने घेऊन, थोडं थोडं. पण हे ऐकणारा नवशिका मला अजून भेटायचाय.

पाऊल आत वळतं, मग?

ट्रेडमिलवर पळवून, व्हिडिओ काढून "तुम्ही ओव्हरप्रोनेट करता", म्हणजे तुमचं पाऊल जास्तच आत वळतं, असं सांगणारी दुकानं आहेत. ऐकणारा घाबरतो आणि जड, ताठ आधाराचे बूट घेऊन बाहेर पडतो. पाऊल टेकल्यावर थोडं आत वळणं हा धक्का पचवायचा शरीराचा मार्गच आहे. डेन्मार्कमध्ये नऊशेहून जास्त नवशिक्यांना एकाच साध्या बुटात वर्षभर पळवून बघितलं, निकाल २०१४ मध्ये आला: पाऊल आत वळणाऱ्यांना जास्त दुखापती झाल्या नाहीत. अमेरिकी सैन्यानेही भरतीच्या जवानांना तळव्याची कमान बघून बूट वाटून पाहिले, दुखापती काही कमी झाल्या नाहीत. ओला पाय कागदावर उमटवून बूट ठरवण्याचा खेळ म्हणूनच मी कधीचा सोडला. तीन-चार जोड घालून बघा, जो घातल्यावर विसरायला होतो तो घ्या. "वापरता वापरता सैल होईल" असं सांगितलं तर तो बूट खाली ठेवा. पळायचा बूट पहिल्याच दिवशी बरा वाटला पाहिजे. आधीच एखादी जुनी दुखापत असेल तर मात्र फिजिओथेरपिस्टला विचारा, मला नको.

आता भराभर. सुती मोजे नकोत, घाम धरून ठेवतात आणि फोड येतात. जिमचे, टेनिसचे बूट पळायला नकोत, ते आडव्या हालचालीसाठी असतात. ट्रेलचे, म्हणजे मातीच्या पायवाटांसाठीचे, खाचांचे बूट रोज डांबरी रस्त्यावर घासू नका. नवा बूट शर्यतीच्या दिवशी पहिल्यांदा घालणाऱ्याला काय म्हणावं, मला सुचत नाही. वॉशिंग मशीनमध्ये टाकू नका आणि हीटरजवळ वाळवू नका, डिंक सुटतो, फोम कडक होतो. आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबा, सावलीत ठेवा.

बूट किती चालवायचा, यावर लोक वरचं कापड बघतात. कापड वर्षानुवर्षं टिकतं. आधी मरतो तो मधला फोम, आणि तो बाहेरून दिसत नाही. साधारण पाचशे ते आठशे किलोमीटर हा हिशेब धरा. मी नवा जोड आला की जिभेच्या आतल्या बाजूला मार्करने तारीख लिहितो आणि पाचशेच्या पुढे गेलो की टेबलावर ठेवून मागून बघतो. सोल एका बाजूला कललेला दिसला की तो जोड भाजी आणायला.

आणि नडगी दुखली की बूट बदलू नका, आधी किती पळालात त्याची वही बघा. आमच्यातल्या एकीने दीड महिन्यात तीन जोड घेतले, दुखणं तिथंच. पहिल्या आठवड्यात आठ किलोमीटर आणि तिसऱ्यात तीस, मग कुठलाही बूट काय करणार? तिला मी दोन आठवडे फक्त चालायला लावलं. पहिलाच जोड तिला आजही चालतोय.

शेवटी टाचेचं, कारण हे विचारणारे सगळ्यात जास्त. लांबी बरोबर, रुंदी बरोबर, तरी टाच उचलली जाते? बुटाच्या घोट्याजवळ प्रत्येक बाजूला एक जास्तीचं भोक असतं, बहुतेक जण ते रिकामं ठेवतात. लेस त्याच बाजूच्या त्या भोकात बाहेरून आत घाला, छोटा फास राहू द्या. दोन्हीकडे झालं की प्रत्येक टोक समोरच्या फासातून ओवा, खाली ओढा, मग गाठ. टाच मागे खेचून बसते. चवड्यावरची लेस मात्र सैलच ठेवा.